म्हशीचा विमा होता, माझा नव्हता

आमच्या घरात 'फ्रीलान्स' हा शब्द माझ्या सासऱ्यांनी कधी उच्चारला नाही. सोसायटीत कोणी विचारलं, सूनबाई काय करतात, तर ते म्हणायचे, "सध्या घरीच असते, पण उन्हात."

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. मी मोजणीचं काम करते. रस्ते, गटारं, इमारती, गावठाणं यांची मापं घ्यायची आणि नकाशे करून द्यायचे. पनवेलमधल्या एका सर्व्हे कंपनीत मी बरीच वर्षं नोकरीला होते. मुलगी शाळेत जायला लागली आणि तिच्या वेळा ऑफिसच्या वेळांशी जुळेनात. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात. ट्रकांच्या रांगेतून सुटून तो घरी कधी पोचेल, हे त्यालाही माहीत नसायचं. शेवटी मी राजीनामा दिला. दुसऱ्याच महिन्यात त्याच कंपनीतून त्याच मॅनेजरचा फोन आला, "मॅडम, कामं तुम्हीच करा. फक्त आता कामापुरतं."

मी हो म्हटलं. कंपनी तीच, मॅनेजर तोच, यंत्र तेच आणि ते उचलणारे हातही तेच. फरक एवढाच पडला की पूर्वी यंत्र न्यायला गेले की चहा यायचा, आता करार यायचा.

यंत्र म्हणजे लेझर स्कॅनर. तिपाईवर उभं केलं की ते स्वतःभोवती हळूहळू फिरतं आणि आजूबाजूचं जे जे दिसेल ते ठिपक्याठिपक्यांनी टिपून घेतं. भिंत, झाड, विजेचा खांब, वाळत घातलेली चादर, काहीही. त्याला चांगलं-वाईट कळत नाही. त्यामुळे यंत्र फिरत असताना आपण आडोशाला जायचं असतं, नाहीतर नकाशात आपणही उमटतो. मॅनेजर ते माझ्या हातात देताना दरवेळी म्हणायचा, "जपून हं मॅडम. खारघरमधल्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट आहे हे." मी नोकरीत असताना तो असं कधी म्हणाला नव्हता. तेव्हा बहुधा फ्लॅट स्वस्त असावेत.

त्या हिवाळ्यात खारघरला लागून असलेल्या ओवे गावाचं काम आलं. गावातल्या पावसाळी गटारांचा नकाशा करायचा होता. मूळ काम एका बड्या बांधकाम कंपनीचं. तिने ते माझ्या जुन्या कंपनीला दिलं आणि जुन्या कंपनीने मला. म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळेजण काम देत होते. काम करणारी मी एकटी होते.

ओव्यात तिपाई उघडली की लोक जमतात. त्यांचा अनुभवच तसा आहे. आधी कोणीतरी माप घ्यायला येतं, मग नव्या शहरासाठी जमीन जाते, मग त्या जमिनीवर आपल्याच नातवंडांना फ्लॅट विकत घ्यावा लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक दारातून एकच प्रश्न, "कसली मोजणी?" मी सांगायचे, गटाराची. यावर लोक एकमेकांकडे बघायचे. गटारासाठी एवढं महागडं यंत्र कोणी आणील यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. खरं सांगायचं तर माझाही पूर्ण बसलेला नव्हता.

त्यातल्या त्यात माझी ओळख झाली ती एका आजीशी. गल्लीच्या टोकाला तिचं घर. मुलांची खारघरला दुकानं, दारात पांढरी मोठी गाडी. गाडीच्या शेजारी, गाडीइतक्याच दिमाखात, तिची म्हैस बांधलेली. मुलं म्हणायची, आई, विकून टाक आता तिला. आजीचं उत्तर ठरलेलं, "गारी दूध देते का रं?" म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला होता. मी कौतुकाने बघतेय असं दिसल्यावर आजी म्हणाली, "इमा हाय तिचा. मेली तर पैसं येतील. पन मरत नाय ती. धडधाकट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजीच्या घराजवळच्या चौकात यंत्र लावलं, बटण दाबलं आणि तिच्याच ओट्याच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. आजी म्हशीला सोडून शेण काढत होती. म्हैस सावकाश गल्लीत आली. समोर तीन पायांचं काहीतरी उभं आहे आणि ते मान वळवत वळवत आपल्याकडे बघतंय, हे तिला आवडलं नाही की फारच आवडलं, मला सांगता येणार नाही. ती त्याच्या जवळ गेली, थोडा विचार केला आणि तिपाईला मान घासायला लागली.

मी ओरडत धावले. माझ्या ओरडण्याने म्हैस दचकली, तिने मान झटकली आणि यंत्र गेलं ते थेट गटारात. ज्या गटाराची खोली मोजायची होती, ती तेवढी मला त्या दिवशी अचूक कळली. यंत्र वाचवायला मी वाकले, तेव्हा तिपाईचा पाय माझ्या मनगटावर आपटला. हात टम्म सुजला.

आजी शेणाच्या पाटीसकट धावत आली. तिने आधी म्हशीचे चारी पाय चाचपून बघितले, मग माझा हात बघितला आणि शेवटी गटारात बघितलं.

"तुज्या यंत्राच्या कानात बिल्ला नाय का?" तिने विचारलं.

"असेल की आजी. कंपनीचं आहे."

"मंग रडतेस कशाला?"

मी रडत नव्हते, पण रडायला हरकत नाही असं वाटायला लागलं होतं. आजीने हळद गरम करून हातावर बांधली आणि मी दुसऱ्या हाताने मॅनेजरला फोन लावला.

"मशीन कसं आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. "म्हैस कोणाची?" हा दुसरा. तिसरा प्रश्न माझ्याबद्दल असेल म्हणून मी थांबले, तर तो म्हणाला, "फोटो काढून ठेवा. म्हशीचाही."

मशीनचा विमा आहे ना, असं मी विचारलं.

"ऑफ कोर्स आहे, मॅडम. फुल्ल कव्हर आहे."

"मग झालं तर."

"म्हणजे आपल्या एम्प्लॉयीच्या हातात असताना आहे," तो म्हणाला. "तुम्ही आता टेक्निकली एम्प्लॉयी नाही ना."

घरी आल्यावर मी करार काढून वाचला. त्यात लिहिलं होतं की यंत्र कंपनीच्या मालकीचं राहील, पण माझ्या ताब्यात असताना होणाऱ्या नुकसानीला मी जबाबदार राहीन. मी स्वतःसाठी एक विमा घेतला होता, तोही काढून वाचला. त्यात माझ्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईची सोय होती. फक्त एक अपवाद होता: दुसऱ्याची जी वस्तू माझ्याच ताब्यात असेल, ती सोडून. म्हणजे मी रस्त्याने चालताना कोणा अनोळखी माणसाचं यंत्र गटारात ढकललं असतं, तर भरपाई मिळाली असती. माझ्या हातातलं पडलं तर नाही. कंपनीच्या विम्यात मी परकी होते आणि माझ्या विम्यात यंत्र परकं होतं. दोन्ही छत्र्यांच्या मधोमध जी धार पडते, तिच्याखाली मी उभी होते. म्हशीला मात्र तिच्या छत्रीखाली बिल्ल्यासकट जागा होती.

दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. आवाजात एकदम गोडवा.

"मॅडम, वरती बोललो. एक सोल्यूशन आहे. आपण तुम्हाला एक तारखेपासून परत रोलवर घेतो. मागच्या एक तारखेपासून. म्हणजे त्या दिवशी तुम्ही एम्प्लॉयी होता. क्लेम पास झाला की तुम्ही राजीनामा द्या."

"म्हणजे मला नोकरी लागली?"

"लागली होती," तो म्हणाला.

मी फोनवर बोलत असताना सासरे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर वाचताना त्यांना ऐकू येत नाही, असा त्यांचा दावा आहे. तासाभरात ते पिशवी घेऊन बाहेर पडले आणि पेढे घेऊन आले. सोसायटीच्या बाकावर सकाळी बसणाऱ्या त्यांच्या मंडळींना बातमी कळली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच मला अभिनंदन म्हटलं आणि विचारलं, "पीएफ पण आहे ना गं?" माझ्या सुजलेल्या हाताकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मला ते पेढे घशाखाली उतरेनात. शेवटी मी सासऱ्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. म्हैस, गटार, करार, सगळं. ते ऐकत होते. मागच्या तारखेपाशी आले तेव्हा त्यांनी हातातला पेढा खाली ठेवला.

"मागची तारीख?"

"हो."

"म्हणजे जी नोकरी नव्हती ती होती असं लिहायचं?"

"तसंच म्हणताहेत ते."

ते बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी एकच भीती बाळगली, ऑडिटची. ते म्हणाले, "आमच्या शाखेत एक होता मागच्या तारखा घालणारा. फार हुशार. त्याचं पेन्शन अजून अडकलंय." मग म्हणाले, "तू उन्हात काम करतेस ते बरं. हे नको."

माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या कामाबद्दल काढलेले हे पहिले बरे शब्द. पण आता वाटलेल्या पेढ्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. तो त्यांनीच सोडवला. बाकावर जाऊन सांगितलं, की सूनबाईंनी नोकरी नाकारली. ऐकलं की मंडळींमध्ये माझा भाव लागलेल्या नोकरीपेक्षा जास्त वाढला.

मी मॅनेजरला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "विचार करा मॅडम. सर्व्हेअर येतोय सोमवारी. त्याच्यासमोर फक्त हो म्हणायचंय."

विमा कंपनी नुकसान बघायला जो माणूस पाठवते, त्यालाही सर्व्हेअरच म्हणतात. सोमवारी आम्ही तिघं ओव्यात त्या चौकात उभे राहिलो, मी, मॅनेजर आणि तो. साधारण पन्नाशीचा, गळ्यात चष्मा, पायात पांढरे बूट. ओव्यातल्या गटारांची आणि त्या बुटांची गाठ पडायला फार वेळ लागला नाही. आजी ओट्यावर बसून बघत होती. हा कोण म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, सर्व्हेअर.

"आनखीन एक?" आजी म्हणाली. "पयलीनं काय कमी केला?"

त्याने गटाराचे फोटो काढले, म्हशीचे काढले, म्हशीच्या बिल्ल्याचा नंबर लिहून घेतला. म्हशीचा विमा दुसऱ्या कंपनीत आहे कळल्यावर तो थोडा खट्टू झाला. मग त्याने विचारलं, घटनेचा काही पुरावा आहे का? होता. यंत्र पडेपर्यंत त्याने जे टिपलं होतं, ते माझ्याकडे होतं. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. राखाडी ठिपक्यांची गल्ली दिसायला लागली. आजीचं घर, पांढरी गाडी, दोरीवरचं लुगडं, आणि कडेला म्हैस. शिंगं, तोंड, पुढचे दोन पाय. त्यांच्या मागे काहीच नाही.

त्याने चष्मा लावला. "ही म्हैस अर्धीच आहे."

"हो. यंत्र हळूहळू फिरतं. मागची बाजू टिपायच्या आत ते पडलं."

"म्हणजे पुराव्यात म्हैस पूर्ण नाही."

"प्रत्यक्षात पूर्ण आहे," मी म्हटलं आणि बोट दाखवलं. म्हैस शेपटीने माश्या वारत होती.

"ते ठीक आहे. पण मला फाइलला जे आहे त्यावर जावं लागतं." त्याने काहीतरी लिहिलं. पुढे अहवालात तो शब्द मी वाचला: 'अंशतः दृश्यमान जनावर'.

आजी लॅपटॉपमध्ये डोकावली. स्वतःचं घर तिने लगेच ओळखलं, म्हैसही ओळखली. "मागची बाजू कुठं गेली तिची?" ती घाबरून म्हणाली आणि उठून खरंच म्हशीच्या मागच्या बाजूला जाऊन बघून आली.

मग तो मुख्य प्रश्न आला. चष्मा काढून, पेन उघडून त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही या कंपनीच्या पगारी कर्मचारी आहात?"

मॅनेजर गटाराकडे बघायला लागला. इतक्या एकाग्रतेने त्याने गटाराकडे नोकरीत कधी बघितलं नव्हतं. हो म्हटलं की सुटका होती, तेही एका शब्दात. पण बाकावरची सगळी मंडळी आणि ऑडिटला घाबरणारे सासरे डोळ्यांसमोर आले.

"नाही," मी म्हटलं. "मी कंत्राटावर काम करते."

तेवढ्यात आजीला वाटलं, आपणही साक्ष द्यावी. ती मोठ्याने म्हणाली, "ती कोनाची नोकर नाय, साहेब. एकलीच येते, एकलीच करते. नोकर असती तर सावलीत नसती का बसली?"

सर्व्हेअर हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं. जाताना बूट पुसता पुसता तो मला हळूच म्हणाला, "मीही कंत्राटावरच आहे, मॅडम. हा टॅब कंपनीचा आहे. पडला तर कोणाचा, ते मी अजून विचारलेलं नाही."

क्लेम नामंजूर झाला. महिन्याभरात मॅनेजरचा निरोप आला की करारानुसार दुरुस्ती मी करून द्यायची. मी घरात बसून ठरवत होते की आता काय मोडायचं, तर त्याच सुमारास त्या बड्या बांधकाम कंपनीच्या साइट इंजिनियरचा फोन आला. काम कुठवर आलं, विचारायला. मी म्हैस सांगितली. या सगळ्या प्रकरणात तो पहिला माणूस, ज्याने विचारलं, "तुम्हाला लागलं का?"

मी म्हटलं, हात सुजला होता, आता बरा आहे.

"बरं झालं. आणि तुमचा विमा तर आहेच," तो म्हणाला. "आमच्याकडे नियमच आहे. साइटवर पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस आणि त्याच्या हातातलं प्रत्येक यंत्र, सगळ्यांचा विमा असल्याशिवाय कामच देत नाही. तुमच्या कंपनीने लेखी कळवलंय तसं. सगळे कव्हर्ड आहेत."

मी फोन ठेवला. म्हणजे वरच्या कंपनीला सांगताना मी विम्यात होते आणि खालच्या कंपनीने पैसे मागताना नव्हते. मग मी मॅनेजरला फोन लावला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, त्या इंजिनियर साहेबांना मी काय सांगू? मी कव्हर्ड आहे की नाही?"



"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही त्यांना काहीच सांगू नका. मी बघतो."

त्याने बघितलं. यंत्र दुरुस्तीला गेलं आणि आलं. त्याचं बिल माझ्याकडे कधी आलं नाही. माझी कोणी क्षमा मागितली नाही, आभारही मानले नाहीत, पण पुढच्या वेळी यंत्र न्यायला गेले तेव्हा चहा आला. चहा पिता पिता मी सांगितलं, आता माझं नाव पॉलिसीत घातल्याशिवाय मी यंत्राला हात लावणार नाही. मॅनेजर म्हणाला, ते फार अवघड असतं, हेड ऑफिस, ब्रोकर, प्रीमियम, सगळं आलं. मी म्हटलं, थांबते. कप रिकामा व्हायच्या आत त्याने एक ईमेल पाठवला आणि संध्याकाळी उत्तर आलं. मूळ पॉलिसीत एका ओळीची भर: 'कर्मचारी व अधिकृत कंत्राटदार'. एवढीशी ओळ. तिच्यासाठी एक खोटी नोकरी, एक पेढ्यांचा पुडा आणि अर्धी म्हैस लागली होती.

त्या ओळीच्या खाली विमा कंपनीने स्वतःची एक ओळ घातली होती, 'पाळीव जनावरांमुळे होणारे नुकसान वगळून'. मी मॅनेजरला दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, एकदा झालं ना. परत कशाला होईल?"

ओव्याचं राहिलेलं काम मी पूर्ण केलं. आजीने त्या दिवसांत म्हैस आतच बांधली आणि मला ताक दिलं. नकाशा मंजूर झाला. नवी गटारं अजून व्हायची आहेत.

मध्यंतरी कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं एक काम आलं, दुसऱ्याच एका कंपनीचं. गोदामांची मापं घ्यायची होती. यंत्र त्यांचं. मी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, की यंत्र माझ्या हातात असताना विमा कोणाचा? पलीकडची मुलगी नवीन असावी. ती म्हणाली, "मॅम, असं अजून कोणी विचारलं नाही. होल्ड करा हं." होल्डवर बराच वेळ बासरी वाजली. मग फोन कट झाला. मी परत लावला नाही. चार-पाच दिवसांनी तिचाच फोन आला, तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता सांगा, पॉलिसीत टाकतोय. मी सांगितलं. कागद आला, तो मी सासऱ्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तारीख दोनदा बघितली आणि म्हणाले, "जनावरांचं काही लिहिलेलं नाही. जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळंबोलीला गेले. सळयांनी भरलेले ट्रक रांगेने उभे होते. गोदामाच्या एका कोपऱ्यात मोकळी जागा बघून मी तिपाई उघडली.